दारात मासा

आमच्या घरात कॉफी संपते
ती पिऊन नव्हे.
एलिसेओ तिचा डेव्हलपर करतो.
डबाभर इन्स्टंट कॉफी, मूठभर धुण्याचा सोडा,
सर्दीच्या गोळ्यांमधलं क जीवनसत्त्व,
आणि ढवळलं की असा वास सुटतो
की मांजर आपणहून पावसात जाऊन बसते.
चिलोए बेटावर पाऊस शोधायला लांब जावं लागत नाही.

न्हाणीच्या खिडकीवर माझी लोकरी चादर,
दाराच्या फटीत टॉवेल,
आत कमोडच्या झाकणावर बसून तो
आंधळ्यासारखा, बोटांनी, रिळावर फिल्म चढवतो.
त्या पाच मिनिटांत त्याला हाक मारायची नाही.
एकदा मारली होती.
त्या रोलवर माझा आवाज अजून आहे,
नखाएवढ्या चंद्रकोरीसारखा
मुडपलेला.

फेब्रुवारीत दोन्या एर्मेलिंदाचं घर हललं.
मुलाने खाडीपलीकडे जमीन घेतलेली.
घर सोडून येणार नाही म्हणाली,
मग घरच न्यायचं ठरलं.
खाली ओंडके सरकवले, बैलांच्या सात जोड्या जुंपल्या,
गाव दोराला लागलं,
आणि घर, पडद्यांसकट,
लग्नाला निघालेल्या थोरल्या आत्यासारखं
थांबत, करकरत, कुरकुरत
उतारावरून समुद्राकडे निघालं.
भरती आली तसं तरंगलं.
एलिसेओ मांडीभर पाण्यात.
छत्तीस खटके.
मी दोर सोडून त्याचे बूट सांभाळत उभी.

त्याच रात्री चुलीवर पाणी वीस अंशांना धरलं.
तो दर मिनिटाला तीनदा टाकी उलटी करायचा,
मी बाहेरून घड्याळ वाचायची.
मग फिक्सर, मग पाणी, मग बराच वेळ
काहीच नाही.
दार उघडलं तर दिव्यासमोर पट्टी धरून उभा.
म्हणाला, हा रोल वापरलेला होता.
जूनमधला. कारखान्यातला, रात्रपाळीचा.
शेपूट बाहेर राहिलेलं, मला वाटलं कोरा.
हसावं, की दोरीवर चिमटे लावून
त्यालाच वाळत घालावं, कळेना.

स्कॅनर कास्त्रोच्या बाजारातला, जुना.
झाकणावर वीट ठेवली तरच चालतो.
रात्री एकपर्यंत तो पडद्यावरची धूळ टिपत बसला,
एकेक ठिपका, जीव मुठीत धरून.
नंतर कळलं की अर्धा तास
तो लेन्सवरचा पाऊसच पुसत होता.

मी बघत बसले.
घर पाण्यात आहे.
भिंतींचे लाकडी खवले कुठे संपतात
आणि साल्मनचे कुठे सुरू होतात
ते सांगता येत नाही.
धुराड्यातून हातमोजे निघतायत.
वरच्या खिडकीत मास्कमागचे नेल्ली बारियाचे डोळे.
तिला नोव्हेंबरात कामावरून काढलं.
इथे ती
माळ्यावर राहायला आलीय.

दोन्या एर्मेलिंदाकडे जाताना
होडीत बसल्यापासून तो माफीची वाक्यं जुळवत होता.
तिने चष्मा लावला.
बोटाने बैल मोजले. पुन्हा मोजले.
सातवी जोडी?
पट्ट्याखाली गेली, तो म्हणाला,
मासे वाहणाऱ्या.
ती माझ्या दिराची जोडी. तो विचारणार.
मग फोटो खिडकीशी नेला.
उंबऱ्यावर भलामोठा मासा आडवा,
तोंड उघडं,
कडी असते तिथे डोळा.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
ते दार, ती म्हणाली,
तसंही कधी नीट लागलंच नाही.

फोटो तिने पिठाच्या डब्याला टेकवला
आणि आम्हाला कॉफी केली.
खरी, दोन चमचे साखरेची.
एलिसेओ कपात बघतच राहिला,
खाली काही उमटतंय का.
मी त्याला कोपराने ढोसलं.
पी.
तिच्यादेखत तरी पी.